काजूच्या दिवसांतल्या कांजिण्या

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला सगळं माहीत असतं. एकदा एक बाई मुलाच्या रजेचा अर्ज घेऊन आल्या. कारण लिहिलं होतं, कांजिण्या. मी वर्गासमोरच म्हणाले, "अहो, याला बालवाडीत असताना येऊन गेल्यात. एकदा आल्या की परत येत नाहीत. दुसरं कारण शोधा." बाईंनी अर्जाची घडी घातली, दोन-चार पोरं हसली. ते हसू मला आवडलं होतं, हे आता कबूल करते.

त्याच वर्षी मार्चमध्ये सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मी चार दिवस माहेरी गेले. माहेर जांबोटीच्या पुढं, रानाला लागून. एरवी बेळगावात उद्यमबागेजवळच्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणं उठायचं नि झोपायचं, म्हणून या चार दिवसांची मी वर्षभर वाट बघते. यंदा निपाणीला दिलेली माझी धाकटी बहीणही बाळंतपणाला आली होती. आठवा महिना सरत आला होता. याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. सात वर्षांनी हे बाळ राहिलं होतं आणि घरात त्याच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पाळणासुद्धा अजून माळ्यावरून खाली काढला नव्हता.

काजूचे दिवस होते. लेक दिवसभर परसातल्या झाडांखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दंडावर तीन-चार फोड दिसले.

आईनं लांबूनच निदान केलं. "काजूचं तेल उतलंय. बिया चिवडू नको म्हणून कितींदा सांगितलं."

काजूच्या ओल्या बीचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, ते आमच्याकडं इतकं नेहमीचं की खोबरेल लावायचं नि विसरून जायचं. बहीण मात्र जरा मागं सरली.

"आक्का, कांजिण्या तर न्हाईत न्हवं?"

"खुळी का काय! हिला सात महिन्यांची असतानाच येऊन गेल्यात. आणि असल्या तरी तुला काय गं? तुझ्यामाझ्या दोघींच्याबी झाल्यात की."

ते खरंच होतं, निदान आम्हाला तसं माहीत होतं. "माझ्या दोन्ही पोरींच्या एकदमच उरकल्या," हे आईचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. बहिणीला धीर आला. माझी लेक मावशीच्या पोटाला कान लावून पडायची, आतलं बाळ काय म्हणतंय ते आम्हाला सांगायची. त्या दिवशीही तिनं ते केलं.

दुपारी लेकीला आंघोळ घालताना तिच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, मला एक फोड दिसला. पाण्यानं भरलेला, भोवती लाल. फ्रॉकच्या आत, तिथं काजूचं तेल पोचणार कसं, हा प्रश्न मला पडला. पडला नाही असं मी आजही म्हणू शकत नाही. पण बोलले असते तर लगेच निघावं लागलं असतं, आणि चार दिवसांतले दोनच झाले होते. शिवाय सकाळीच एवढ्या ऐटीत बोलून बसले होते. मी तिच्या फ्रॉकची बटणं लावली आणि तिला मावशीकडं पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. जेवेना. "तोंडात दुखतंय," म्हणाली. तिला दारातल्या उजेडात नेऊन मी तोंड उघडायला लावलं. टाळूवर दोन फोड होते. काजूचं तेल टाळूला लागत नाही. त्याच सकाळी मावशी-भाचीनं एका ताटात उकडलेलं रताळं खाल्लं होतं.

मी आईला गोठ्यामागं नेलं.

"आई, धाकटीला खरंच झालत्या न्हवं?"

आई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"तुला झालत्या. लई झालत्या."

"आणि तिला?"

"तिच्या अंगावर काय न्हवतं गं. पण देवी घरात आलेली. एकीला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं नि दुसरीला तसंच ठेवायचं, बरं दिसतंय का? दोघींना संगंच आंघोळ घातली. दहीभात दोघींच्या नावानं दाखवला. मग म्हटलं, तिचंबी झालंच."

एका आंघोळीला आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं आजारपण समजलं होतं. आईवर चिडायलाही मला तोंड नव्हतं.

संध्याकाळच्या बसची वाट न बघता बेळगावपर्यंत जीप केली. बहीण पुढं बसली, आई मधे, मी लेकीला घेऊन सगळ्यात मागं.

डॉक्टरीणबाईंना मी आधी माझाच प्रश्न विचारला. हिला दुसऱ्यांदा कशा आल्या?

"क्वचित येतात," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांच्या बाळाच्या अंगात आईकडून आलेली थोडी ताकद असते. आजार हलका जातो, पण शरीर तो पुरता शिकत नाही. किंवा तेव्हाचे फोड दुसऱ्याच कशाचे असतील. कुणी तपासले होते?"

कुणीच तपासले नव्हते. फोड दिसायच्या आधी एक-दोन दिवसांपासूनच लागण होऊ शकते, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे मी पाठ बघितली तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. या वाक्याला मी अजून धरून आहे.

बहिणीच्या रक्तात कांजिण्यांची काहीच ओळख नव्हती. लागण रोखायचं इंजेक्शन हुबळीहून मागवावं लागलं. ते दिलं तरी फोड उठतात का हे तीन-चार आठवडे बघायचं होतं, आणि बाळंतपणाची तारीख त्यातच पडत होती. बाळंतपणाच्या तोंडावर फोड उठले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं. तिनं ते दाराआडून ऐकलं.

दवाखाना जवळ असावा म्हणून ती निपाणीला सासरी गेली. रोज सकाळी फोन करायची, "आज न्हाय," एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. पाठीवरच्या फोडाचं मी तिला सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज न्हाय."

अठराव्या दिवशी फोन आला नाही. नऊ वाजता मीच केला.

"पोटावर एक उठलाय," ती म्हणाली. मग बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आक्का, बाळाला काय झालं तर मी तुला माफ करणार न्हाय. आत्ताच सांगून ठेवते."

दहा-बारा फोड आले. दोन दिवस ताप होता, गोळ्या चालू होत्या. मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि पोरं एकमेकांकडं बघायची. बाळानं आणखी आठवडाभर कळ काढली, खपल्या धरल्यावरच ते आलं. मुलगा झाला, स्वच्छ अंगाचा, खणखणीत रडणारा. मी शाळेच्या व्हरांड्यात बसून रडले.

तो आता रांगतो. सगळे म्हणतात, झालं गेलं विसरा. बहीण माझ्याशी नीट बोलते, जेवू घालते, साडीसुद्धा नेसवते. पण पहिल्यांदा आम्ही बाळ बघायला गेलो, तेव्हा तिनं माझ्या लेकीला उंबऱ्यातच थांबवलं, बाह्या वर करून दोन्ही हात उलटसुलट बघितले आणि मग आत घेतलं. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

गेल्या महिन्यात पुन्हा निपाणीला गेलो. जिना चढून वर आलो. मी बेल वाजवायच्या आधीच लेकीनं खाऊची पिशवी खाली ठेवली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात पुढे करून बंद दारासमोर उभी राहिली.