शंभर नंबरचं पेट्रोल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, निपाणीच्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा नाही. तिथे मी भलतंच काहीतरी मागून परत येते. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही आमच्या यांना ओळखत नाही म्हणून. कदाचित आज घरात सगळं ठीक आहे, हे आत झोपलेत आणि मला बसायला वेळ आहे, म्हणूनही असेल.

ऐकून तुम्हाला हसू येईल, हे आधीच सांगते. इतके दिवस मिटून ठेवलेलं काय, तर गाडीत कुठलं पेट्रोल भरलं ते! पण जरा थांबा. मीही आधी हसलेच होते. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं.

आम्ही चामराजपेटेत राहतो. लग्नकार्याला भांडी भाड्याने देतो — मोठी पातेली, पराती, इडलीपात्रं, गॅसच्या शेगड्या. हे, म्हणजे माझे यजमान नरसिंगराव. त्यांचं घराणं इथे इतकं जुनं की आपण मूळचे कुठले, ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण मध्येच कन्नडातलं ‘स्वल्प’ घालून ‘स्वल्प थांब’ म्हणतात, म्हणजे जरा थांब. मी निपाणीची, लग्न होऊन इथे आले. आमच्याकडे एक छोटी पिकअप आहे. पुढे दोघांची जागा, मागे उघडा हौदा, पेट्रोलवर चालणारी, आणि बरीच जुनी. ती चालवायला मला यांनीच शिकवलं. शिकताना मी एकदा विजेच्या खांबाला धडकले, तर हे नुसते खाली उतरले, बंपर बघितला आणि म्हणाले, “सरी, पुन्हा.” म्हणजे, ठीक आहे, पुन्हा. आवाज चढवला नाही. असा माणूस. हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी हे त्या गाडीचं काम करायचे. ऑइल बदलायचे, प्लग साफ करायचे, काही नसलं तरी बॉनेट उघडून बसायचे. हात कोपरापर्यंत काळे. त्या वेळी कुणाशी बोलायचे नाहीत, पण कुणाशी तरी छान गप्पा चालल्यात असा चेहरा असायचा. मी दोनदा कॉफी नेऊन द्यायची, दोन्ही वेळा ती थंड व्हायची.

मग पेट्रोलचं ते सुरू झालं. सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. उसापासून, मक्यापासून काढतात ते. नव्या गाड्यांना चालतं, पण आमच्यासारख्या जुन्या गाडीचे रबरी पाईप त्याने फुगतात, मऊ पडतात, असं आमच्या मेकॅनिकने सांगितलं. त्याने दोन वाटा सांगितल्या : एक तर सगळे पाईप नि रबरं बदलून घ्या आणि खुशाल साधं पेट्रोल भरा, नाहीतर पाईप राहू द्या आणि शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरा, त्यात इथेनॉल नसतं. यांनी आठवडाभर विचार केला. मुलीचं लग्नसुद्धा याहून लवकर ठरलं होतं! शेवटी शंभर नंबरचं ठरलं. कडक झालेला एक पाईप तेवढा त्यांनी स्वतः आणून स्वतःच्या हाताने बसवला, बाकीचे तसेच ठेवले.

मी म्हणत होते, “अहो, सगळं जग साधं भरतंय. सगळ्यांच्या गाड्या काय बंद पडल्यात?”

त्यावर हे बोलले ते दुसऱ्या दिवशी, आमचे व्याही-विहीणबाई जेवायला आले होते तेव्हा. पेट्रोलचा विषय निघाला आणि हे हसत हसत म्हणाले, “हिला गाडी चालवता येते, पण गाडी कळत नाही.” सगळे हसले. मीही हसले आणि भात वाढला.

एवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय? काहीच नाही. त्यांना तर ते संध्याकाळपर्यंत आठवतही नसेल. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. मुलीच्या सासरच्या माणसांनी हसण्यासारखं मी काय केलं होतं? मी रोज ती गाडी बाजारातून काढत होते, बसच्या नि रिक्षांच्या मधून. आणि मला गाडी कळत नाही?

ते पेट्रोल सगळीकडे मिळायचं नाही. आमची मुलगी एचएसआर लेआउटमध्ये राहते, तिच्या घराच्या वाटेवर एका पंपावर मिळायचं. दर सोमवारी मी तिला चटणीपूड, भाकरी, असलं काहीतरी द्यायला जायची, म्हणून टाकी भरून आणायचं काम माझ्याकडे आलं. एका सोमवारी पंपावरचा माणूस म्हणाला, “खाली आगिदे अक्का, नाळे बन्नी.” संपलंय, उद्या या. टाकीत घरी जाण्याइतकंही नव्हतं. मी साधं भरलं. घरी गेल्यावर सांगायचं, असंच मनात होतं — खरंच होतं.

घरी पोचले तर हे किल्ली घ्यायला दारातच उभे. गिऱ्हाइकाकडे भांडी पोचवायची होती. ते परत आले आणि गाडीच्या दारावर थाप मारून म्हणाले, “बघितलंस शालू? चांगलं पेट्रोल म्हणजे चांगलं पेट्रोल. कशी उचलते बघ!”

मी ‘हो’ म्हणाले. आत गेले, स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. इतकं बरं वाटलं मला — काय सांगू?

पुढच्या सोमवारी शंभर नंबरचं होतं. मी साधं भरलं.

आता इथे कुणी म्हणेल, पैसे वाचवत असेल. छे! यांनी कधी हिशेब विचारला नाही, मी कधी पैसा बाजूला काढला नाही. पैशासाठी केलं असतं तर बरं झालं असतं, ते निदान कुणाला समजलं असतं. मी केलं ते त्या एका क्षणासाठी. हे गाडीतून उतरणार, पेट्रोलचं कौतुक करणार आणि मी समोर उभी राहून ऐकणार. मग कुणाला गाडी कळत नाही? दर आठवड्याला मी त्यांना असं हरवत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. ते शेजारच्या फुलवाल्याला सांगायचे, जुनी स्कूटर आहे ना तुझी, तू पण शंभरचंच भर. तो बिचारा एवढ्या लांब जाऊन भरून यायचा. त्याचंही मला हसूच यायचं.

बरेच महिने हे चाललं. मग सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायचा. हे बॉनेटमध्ये डोकं घालून बघायचे, नाक लावून हुंगायचे. एकदा डोकं बाहेर काढून मला म्हणाले, “शालू, त्याच पंपावर भरतेस ना? तेच?”

किती साधा प्रश्न! आवाजात संशयही नव्हता. मी कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल झटकला आणि म्हणाले, “तेच.”

तोपर्यंत मी नुसती गप्प होते. ते खोटं नव्हे, असं मला स्वतःला सांगता येत होतं. ‘तेच’ म्हटल्यावर ती सोय संपली. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मला भीती वाटली नाही. गाडी जुनीच आहे, जुन्या गाडीला वास येणारच, असं म्हणून मी पुढचा टॉवेल घेतला.

होसकोटेला एका कारखान्यात आम्ही पोचे आलेली भांडी सरळ करून घेतो. ती आणायला हे एकटेच गेले होते. परत येताना रस्त्यात धूर दिसला. त्यांनी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं आणि आत आग होती. पाईप क्लिपमधून निसटला होता, पेट्रोल तापल्या इंजिनावर गळत होतं. चहाच्या टपरीवरची माणसं धावली, वाळू टाकली, आग विझली. पण यांनी तोवर उघड्या हाताने काहीतरी ओढायचा प्रयत्न केला होता. डाव्या हाताचा पंजा भाजला.

दुसऱ्या टेम्पोने गाडी ओढून आणली. हाताला पट्टी बांधलेली, शर्टाला धुराचा वास, तसेच हे मेकॅनिकच्या दुकानात उभे राहिले. मी शेजारी होते. किती शेजारी? माझा पदर त्यांच्या बाहीला लागत होता. मेकॅनिकने तो पाईप काढून बोटांत दाबून बघितला. म्हणाला, “अण्णा, हा फुगलाय. इथेनॉलच्या पेट्रोलने असा होतो.”

“मी ते भरतच नाही,” हे म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. शंभरचंच. विचार हिला.”

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होय म्हणून.

त्याने खांदे उडवले. “मग पाईपच हलका निघाला. नाहीतर क्लिप नीट आवळली नसेल. कुणी बसवला होता?”

यांनी आधी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग दुसऱ्या हाताकडे. “मी,” म्हणाले.

तेव्हा बोलायला किती शब्द लागले असते? दोन? तीन? माझ्या तोंडात ते शब्द होतेही. पण मेकॅनिक समोर होता, त्याची दोन माणसं होती, आणि व्याह्यांपुढे लाज वाटलेली बाई मी — मला पुन्हा कुणापुढे लाजायचं नव्हतं. म्हणून मी यांना लाजू दिलं. मेकॅनिकच्या दुकानात, भाजलेल्या हाताने उभे असताना.

हाच माझा गुन्हा. पेट्रोलचा नव्हे. पेट्रोलला एक वेळ थट्टा म्हणता आलं असतं. ही थट्टा नव्हती.

हात महिन्याभरात बरा झाला. गाडीचे सगळे पाईप, रबरं मेकॅनिकने बदलली, आता कुठलंही पेट्रोल चालतं. पण त्यानंतर यांनी गाडीला हात लावला नाही. एका रविवारी आपले सगळे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर फडक्यात बांधले आणि मेकॅनिकला देऊन आले. मुलगी म्हणाली, “बरं केलंत बाबा, आता आराम करा.” हे म्हणाले, “हो गं, हातात आता ते राहिलं नाही. माणूस मरायचा माझ्या हाताने एखादे दिवशी.”

मी तिथेच होते. मी शेंगा सोलत होते.

तुम्हाला वाटेल, आता ही सांगेल की तेव्हापासून झोप नाही, अन्न गोड लागत नाही. तसं काही नाही. सांगायला सगळ्यांत अवघड तेच आहे. आमचं छान चाललंय. धंदा बरा आहे. रविवारी सकाळी हे आता माझ्याबरोबर बाजारात येतात, भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करतात, मग एका ठिकाणी उभ्यानेच डोसा खातो आणि घरी येतो. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी मला कधी दिला नव्हता. तो कुठून आला, ते मला माहीत आहे. तरी मला तो आवडतो.

मागच्या रविवारी मुलीकडे जेवायला गेलो होतो. निघताना जावयाची गाडी सुरू होईना. तो बॉनेट उघडून उभा राहिला, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हे जवळ गेले, वाकले. हात आत गेला. मी बघत होते, बोटं बरोबर कुठेतरी निघाली होती. आणि मग तो हात त्यांनी परत घेतला, खिशात घातला आणि म्हणाले, “मेकॅनिकला बोलाव बाबा. मी नको.”

जावयाने फोन लावला. मी डबे पिशवीत भरले.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायचं होतं. गाडी मी चालवत होते, हे शेजारी. पंपावरच्या मुलीने विचारलं, कुठलं भरू? मी म्हणाले, साधं. यांनी डोळे मिटलेलेच होते, तसेच ते म्हणाले, “साधंच भर. आता काय फरक पडतो?” आणि खरोखर समाधानाने मागे टेकून बसले.

मी पैसे दिले, काच वर घेतली, गाडी रस्त्यावर काढली. संध्याकाळची वेळ, रस्ता कधी नव्हे तो मोकळा. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. आणि मला बरं वाटत होतं. तेही तुम्हाला सांगून टाकते.