ढोल का वाजला नाही

पेडगावकरांनो, सकाळी वाचनालयाच्या याच फळ्यावर मी लिहिलं होतं की बहिष्काराला सगळ्यांची संमती आहे. ते चूक होतं. खेळाडूंना आपण विचारलंच नव्हतं.

परभणीत बाहेरगावच्यांना तिकीट दुप्पट, म्हणून आज आपण आपल्याच संघाच्या फुटबॉलच्या सामन्याला आत गेलो नाही. तारेच्या कुंपणाबाहेर गप्प उभे राहिलो. दर सामन्याला वाजवतो तो ढोलही वाजवला नाही.

गावात मयत झाली की आपण ढोल वाजवत नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

माझा भाऊ दत्ता गोलकीपर आहे. आमचे बापू लय दिवसांपासून आजारी आहेत. दत्ता सारखा आमच्याकडेच बघत होता आणि गोलावर गोल होत होते. सामना संपताच तो कुंपणाशी धावत आला.

"आक्का, बापू गेले का?"

"न्हाई रे! बापू घरी हायेत. तिकिटापायी गप होतो आमी."

तो मटकन खाली बसला आणि रडला. "मंग आधी सांगायचं तरी व्हतं की!"

तिकिटाचा निषेध योग्यच होता. पण तो कुणाच्या जिवाला लागेल, हे आपण बघायला नको होतं का?

पुढच्या सामन्यावरही बहिष्काराची बोलणी चालू आहेत. शनिवारी सरावाच्या वेळी मी मैदानावर जाऊन आधी खेळाडूंना विचारणार आहे.