गेल्या वर्षीचा वारा

परवा शुक्रवारी स्कॉटलंडमधल्या एका दुकानात एका बाईंनी माझ्या बुटात तीन बोटं घातली आणि माझी वर्षभराची थाप उघडी पडली... सांगतोच आता.

मी आणि माझी बायको मेधा इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहतो. तिला हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींनी स्की टूरिंगचं वेड लावलं. यात लिफ्टबिफ्ट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, बुटाची टाच स्कीपासून मोकळी ठेवायची आणि बर्फातून डोंगर चालत चढायचा... वर पोचलं की पट्टी काढून घसरत खाली.

आता मी पडलो सह्याद्रीतला गडी. राजगड-तोरणा एका दिवसात केलेला आणि ते दर पार्टीत सांगणारा. ही पांढरी टेकडी काय चीज आहे, असं मला वाटलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमध्ये पाऊण वाट चढून मी बर्फात बसलो. पाय उचलेना. माथा समोर दिसत होता, मेधाला अजून अर्धा तास पुरला असता... पण ती माझ्याबरोबर मागे फिरली.

घरी आल्यावर मित्रांनी विचारलं तेव्हा तीच पटकन म्हणाली, "अरे, वारा फार होता." मी मान डोलावली. इथे ग्रुपवरही तेच लिहिलं, आणि तुम्ही सगळ्यांनी 'सेफ्टी फर्स्ट' म्हणून माझं कौतुकही केलंत...

यंदा मात्र तिने निघण्याच्या बरंच आधी सांगितलं, "मला वरपर्यंत जायचंय. तू दमलास तर खाली कॅफेत थांब, मी जाऊन येईन. हे रागावून म्हणत नाहीये." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ते वाक्य मला महिनाभर टोचत राहिलं.

मग मी पेटलो. दोष बुटांचाच, यात मला शंका नव्हती. ऑफिसातल्या एकाकडून घेतलेले जुने धोंडे होते ते, एकेक दोन किलोच्या वर. रोज संध्याकाळी फोरम वाचायला लागलो, एक्सेल शीट केली. इंडियाला जाताना बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो ना आपल्या सगळ्यांकडे... त्याला बूट, हातमोजे, डबा, सगळं लटकवून झालं.

"एकदा स्वतःलाही लटकव त्याला," मेधा म्हणाली.

तर शुक्रवारी खिशात काटा घेऊनच मेधाबरोबर दुकानात शिरलो. तिथे जीन नावाच्या साठीच्या बाई आहेत, बूट बसवून देणं हेच त्यांचं काम. गेल्या वर्षी माथ्याच्या आधीच परत फिरलो, एवढं सांगून मी यादी पुढे केली... सर्वांत हलके बूट, सर्वांत हलक्या स्की. त्यांनी ती वाचली, घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जुने बूट आणलेत का? आधी ते बघू."

गाडीतून आणले. त्यांनी आतला मऊ भाग काढला आणि नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला लावली. मग टाचेमागे स्वतःची बोटं सारून पाहिली. एक, फार तर दीड बोट जावं. तीन गेली, आरामात.

"हे दोन नंबर मोठे आहेत," त्या म्हणाल्या. मोजे उतरवले तर टाचांवर गेल्या वर्षीच्या फोडांचे डाग अजून होते.

मोठे आहेत हे मला ठाऊक होतं हो! आमच्या आईने माझे बूट कायम एक नंबर वरचेच घेतले, पुढे कापूस कोंबून. पाय वाढायचा थांबून पंचवीस वर्षं झाली, सवय नाही थांबली. दोन जोड मोजे घातले की झालं, असा माझा हिशोब.

म्हणजे प्रत्येक पावलाला आधी माझी टाच बुटातल्या बुटात वर जायची आणि मग बूट उचलला जायचा. मी बिचाऱ्या वजनाला शिव्या घालत होतो... नाचता येईना, अंगण वाकडं.

"मग गेल्या वर्षी परत फिरलात ते यामुळेच का?" जीनबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मोज्यांच्या रॅककडे बघत मेधा म्हणाली, "नाही, वारा होता."

परक्या बाईंसमोरसुद्धा! त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं...

जीनबाई पुढचा दीड तास माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसून होत्या. यादीतले सर्वांत हलके बूट त्यांनी दाखवलेसुद्धा नाहीत. दुसरे दिले, हलकेच पण घोट्याला धरून ठेवणारे. आतला मऊ भाग गरम करून माझ्या पायाच्या आकाराला बसवला, आणि मोजा एकच, पातळ. स्कीसुद्धा यादीतली तिसऱ्या नंबरची. "पहिली तुम्हाला वर नेईल, पण उतरताना फेकून देईल. अजून नवे आहात तुम्ही." राजगड-तोरणा सांगायची हिंमत झाली नाही. काटा खिशातच राहिला.

काल चढलो. टाच जागची हलली नाही. गेल्या वर्षी बसलो होतो ती जागा आली... आणि मागे पडली.

शेवटच्या टप्प्यावर वारा सुटला. बर्फाचे कण सुयांसारखे लागत होते. मेधा पुढे होती, दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होती. माथ्यावर ती काहीतरी ओरडली, मला ऐकूच येईना. टोपी धरून जवळ गेलो तर हसत होती, डोळ्यांतून पाणी.

"वारा आहे रे!"

जीनबाई, तुमच्या त्या तीन बोटांना नमस्कार. आणि मेधा, तुझे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून टाकतो...

गेल्या वर्षी वारा नव्हता. स्वच्छ ऊन पडलं होतं.