वांगी की आमसुली

गांधीबागेच्या बाजारात मॅचिंगच्या कापडाची दुकानं ढिगानं होती, पण मौद्याच्या, भिवापूरच्या बाया गोपिका देवतळे बसायची त्याच दुकानाची पायरी चढत. साडीवर एक नजर टाकायची आणि मागे न बघता हात वर करून नेमका तागा खाली ओढायचा, असं तिचं तीस वर्षं चाललेलं. तिच्या नजरेवर शंका घेणाऱ्या बाईला ती दुकानातून उठवून लावी. म्हातारे मालक तिला भिऊन असत. ते गेल्यावर गल्ल्यावर त्यांची सून श्वेता आली. ती मात्र भिणारी नव्हती.

पहिली ठिणगी पडली ती एका नवरीच्या आईमुळे. बाई भर दुपारी साडी आणि ब्लाउजपीस घेऊन परत आली आणि तिनं दोन्ही काउंटरवर आपटलं.

"साडी वांगी रंगाची अन् तुम्ही आमसुली कापड दिलं! बाहेर उन्हात धरून पाहा."

गोपिका उठली. दोन्ही कापडं घेऊन पायरीवर उन्हात उभी राहिली. तिनं उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

"एकच तर आहे. भांडाले आली का वं तू?"

गर्दी जमली. श्वेता गल्ल्यावरून उठून आली, कापडं हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचा डोळा गेला आता."

आणि ती हसली. ते हसू गोपिकेच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

दुसऱ्या दिवशी श्वेतानं प्रत्येक कप्प्यावर रंगाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. गोपिकेनं संध्याकाळपर्यंत एकूण एक चिठ्ठी नखानं खरवडून काढली. श्वेतानं लावलेल्या नव्या दिव्यांनी रंग फिरतो, ती मुद्दाम कप्पे बदलते, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली. वर्षभर दोघी एका छताखाली बसल्या, पण चहा वेगवेगळ्या टपऱ्यांवरून मागवला.

शेवटी घरीच गोपिकेची पायरी चुकली. पडली, तेव्हा मुलगा सुमंत तिला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मोतीबिंदू निघाला, तोही दोन्ही डोळ्यांत. उजव्याचं ऑपरेशन आधी झालं.

पट्टी निघाली आणि तिनं समोरच्या चादरीकडे पाहिलं. चादर इतकी पांढरी, की निळसर वाटावी. तिनं उजवा डोळा मिटून फक्त डाव्यानं पाहिलं. तीच चादर चहात बुचकळून काढल्यासारखी दिसली. ती पुन्हा पुन्हा एकेक डोळा मिटत राहिली.

"माझ्या लक्षात काहून नाही आलं, डॉक्टर?"

"डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, आजी. मेंदू रोज थोडं थोडं सांभाळून घेतो. निळा-जांभळा कमी होत जातो, पण माणसाला वाटतं, आपल्याला सगळं नीट दिसतंय."

त्या रात्री ती जेवली नाही. नवरीच्या आईला आपण लोकांसमोर खोटं पाडलं, याची लाज वाटली. श्वेताचं हसू मात्र तिनं माफ केलं नाही.

दुसराही डोळा झाल्यावर ती कामावर गेली. म्हणाली, "ती साडी वांगीच होती."

"मले माहीत होतं," श्वेता म्हणाली. "माफी मागा अन् बसा."

"त्या बाईची मागीन. तुई नाही."

"मग फॉल विका."

मॅचिंगचा काउंटर श्वेतानं स्वतःकडे ठेवला. गोपिका कोपऱ्यात फॉलच्या घड्या घालू लागली. आठव्या दिवशी एक मुलगी लालभडक साडी घेऊन आली. साडीला राखाडी काठ होते. लालाच्या शेजारी राखाडी नेहमीच हिरवट भासतो. आधी लाल भाग दोन्ही तळव्यांनी झाकायचा, मग काठ पाहायचा, हे गोपिकेला पहिल्या वर्षीच कळलं होतं. श्वेतानं झाकलं नाही. तिनं शेवाळी कापड काढलं आणि कात्री लावली. कात्रीचा आवाज ऐकत गोपिका घड्या घालत राहिली.

मुलगी दोन दिवसांनी रडत आली. काठाशी न जुळणारं ब्लाउज शिवून झालं होतं आणि साखरपुडा त्याच संध्याकाळी होता.

ती गेल्यावर श्वेता कोपऱ्याकडे वळली. "तुम्हाले दिसून राहिलं होतं नं?"

"हो. सगळं दिसून राहिलं होतं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू मले फॉल विकाले बसवलं होतं."

श्वेतानं तिची पिशवी उचलून पायरीवर ठेवली. गोपिकेनं ती घेतली आणि मागे वळून पाहिलं नाही. रडणारी मुलगी तेवढी घरापर्यंत तिच्या मनात राहिली. एका शब्दानं तिचं काम झालं असतं.

पुढच्या महिन्यापासून गोपिका समोरच्याच दुकानात मॅचिंगला बसते. मधली गल्ली चार हातांची. मौद्याच्या बाया आता त्या पायरीवर चढतात. श्वेता गल्ल्यावरून बघते आणि पडदा ओढून घेते.