मागच्या चाकाची पकड

आमच्या जीपचं मागचं डावं चाक हरामखोर होतं. हा शब्द माझा नाही, नंदुरबारच्या मिस्तरीचा. मी तर दोन पावसाळे त्या चाकाला याहून घाण शिव्या दिल्यात.

रनाळ्याच्या बाहेर, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, शेतात आमचं घर. वायरमनच्या नोकरीतून सुटलो आणि मीच हट्टानं बांधलं. डीपी जळाली, तार तुटली, लाइट कधी येणार, या हाकांचा जन्मभराचा वीट आलेला. बायको म्हणत होती, गावातच राहू, दवाखाना जवळ पडतो. मी म्हणालो, तुला काय कळतं! आता आपलेच दात, आपलेच ओठ. घराला वर्ष झालं नाही तोच तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा नंदुरबारला डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर. एक दिवस चुकला की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, छाती भरून येते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, काही झालं तरी चुकवू नका. मी ते डोक्यात खिळा ठोकावा तसं ठोकून घेतलं.

उन्हाळ्यात काही प्रश्न नसायचा. पाऊस लागला की मात्र आमची गाडवाट म्हणजे नुसता काळा गारा. असा चिकट चिखल, की पाय उचलला तर चप्पल खालीच राहते. दोन्ही बाजूंना बांध, बांधापलीकडं कापूस, मधून एका गाडीपुरती वाट आणि नाल्याजवळ एक चढण. तिथं आमची जीप हमखास बसायची. उजवं चाक गप्प उभं, आणि डावं मात्र गारा उडवत गरगर गरगर. मग मी उतरून चाकाखाली कापसाच्या पळाट्या घाल, दगड घाल, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला फोन कर. ती मागच्या सीटवर पदर तोंडाशी धरून बसलेली. चार वेळा तरी ट्रॅक्टरनं जीप मागं ओढून आम्ही तिथूनच घरी परतलो. मी चरफडत असायचो आणि ती उलट माझीच समजूत घालायची, "जाऊ द्या ओ, सकाळ जाऊत." मग कळण्याच्या भाकरी थापायला बसायची. मला वाटायचं, काय धीराची बाई आहे ही!

पंचायतीत मुरमासाठी अर्ज दिले. 'टाकू' म्हणाले. अजून टाकतायत. शहरात खोलीही घेऊन पाहिली, पण चार दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माले घर लई चला." आणलं परत.

शेवटी मिस्तरीकडं गेलो. आजोबांपासून गाड्यांचंच काम करणारं मुसलमान घर, बोलणं आमच्यासारखंच अहिराणी. जीपखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "वायरमन भाऊ, गाडी वळस तव्हय बाहेरनं चाक जास्त फिरस, आतलं कमी. त्यानासाठे डिफरन्शियल. पन गारामा उलटंच व्हस. जे हरामखोर चाक फुकट फिरस, त्यालेच सगळी ताकद भेटस. जे काम करी शकस ते उपाशी. तुमना लाइटना खातासारखं!" आणि स्वतःच खो खो हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

त्याच्याकडं उपाय होता. आमच्याच बनावटीची, पण नंतरची एक जीप भंगारात आली होती. तिच्यात आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल होतं. एक चाक फार जोरात फिरायला लागलं की आत खट्ट होतं आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी सोबत फिरतात. ते काढून आमच्या जीपला बसवायला दोन दिवस लागले. गिअरच्या दाताला दात नीट भिडतोय का ते तो रंग लावून तपासायचा, पुन्हा खोलायचा, पुन्हा बसवायचा. मी दोन्ही दिवस स्टुलावर बसून पाहिलं. आम्हा वायरमन लोकांना दुसरं येतं काय? फॉल्ट शोधायचा, काढायचा, लाइन चालू करायची. मला वाटलं, फॉल्ट सापडला.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चढणीला जीप लागली, डावं चाक गरगरलं, माझा जीव टांगणीला. आणि खट्ट! जीपला एक हिसका बसला, दोन्ही चाकांनी जमीन धरली आणि गाडी सरळ वर. "हाण तिच्यायला!" मी ओरडलोच. खुशीत मागं वळून पाहिलं, तर ती रडत होती.

"आगं, रडतेस काय? निघालो ना आपण!"

"म्हनीसनच ते," ती म्हणाली. "आज अडकती ते बरं व्हतं."

मी ब्रेक दाबला. इंजिन चालूच.

"गाडी अडकनी का माले एक दिवस सुट्टी भेटे," ती म्हणाली. "मन्हा जीव कव्हयनाच कटाळी गया. तुमले वाईट वाटी म्हनीसन जास मी."

खरं सांगतो, आधी मला तिचा रागच आला. मी इकडं चिखलात मरतोय, आणि ही त्या चिखलाचीच वाट बघत होती! मग ध्यानात आलं, दोन वर्षं मी तिला विचारलंच नव्हतं. गाडी निघते की नाही, एवढंच विचारत होतो.

"चल, मागं फिरवतो," मी म्हणालो.

ती डोळे पुसत बाहेर बघून म्हणाली, "आठे फिराले जागा शे का?"

नव्हतीच. दोन्हीकडं बांध. पुढंच जावं लागलं. अर्ध्या किलोमीटरावर डांबरी रस्ता आला. तिथं दोन ट्रक एकदम वळतील एवढी जागा होती. मी थांबलो. ती मागं पदर नीट करत होती, दवाखान्यात जायचं म्हणून. मी एकदा घराकडं पाहिलं.

आणि नंदुरबारकडं वळलो. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो. त्या पावसाळ्यात मग आमचा एकही दिवस चुकला नाही.