आधी खाऊन घ्या, सर

एखाद्या कामात दोन वर्षं काढली की किस्से साचतातच, विहिरीत गाळ साचतो तसे. उपसावेत म्हटलं तर तळातून आणखी निघतात. माझी अडचण एवढीच की यांतल्या बहुतेक किश्शांत चुकलेला माणूस मीच आहे. ज्यांत मी बरोबर होतो असं वाटतं, त्यांची मला खात्री नाही.

आधी काम सांगतो. लोणखेड्यात ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे पाच तरुण इंजिनिअर केळी उत्पादकांच्या एका गटासाठी ॲप चालवतात. शेतकऱ्याने कापणीचा दिवस नोंदवला, की त्या दिवशी कापणारी टोळी आणि ट्रक त्याच्या बांधावर पोचले पाहिजेत. मी या टीमचा अजाइल कोच. म्हणजे मी स्वतः काहीच बनवत नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं आणि काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे एकमेकांना खरं सांगायचं. ते खरं बोलणं व्हावं, हे माझं काम. पुण्यात मी हे बारा वर्षं केलं. त्याआधी, माणसं एकत्र बसून निर्णय कसे घेतात यावर डॉक्टरेटही केली होती.

निवृत्त होऊन प्रकाशा या माझ्या गावी परतलो आणि हे काम धरलं, तेव्हा मोठ्या भावाने विचारलं, "म्हंजे तू तठे काय करस?"

"पोरांना बोलतं करतो, दादा."

दादा विचारात पडले. "कामून? पोरे मुका शेतस का?"

पोरं मुकी आहेत का, या प्रश्नाला तेव्हा मी हसलो. ते हसू मला नंतर परत घ्यावं लागलं.

*

पहिल्याच आठवड्यात आमची उभी मीटिंग पंधराऐवजी चार मिनिटांत संपू लागली. पुण्याच्या टीमना हे जमायला वर्ष लागलं होतं. मी जुन्या सहकाऱ्यांना अभिमानाने मेसेज केला, "चार मिनिटं!" तिकडून टाळ्या आल्या.

महिन्याभराने मी भूषणला त्यामागचं गुपित विचारलं. भूषण कळसाडीचा, टीममधला सगळ्यात बोलका.

तो संकोचून म्हणाला, "सर, तुमचा गुडघा दुखतो ना. म्हणून लवकर आटपतो."

*

कुठल्या कामाला किती दिवस लागतील, हे ठरवायला आम्ही आकड्यांचे पत्ते वापरतो. प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. कोणी कोणाचं बघून आकडा सांगू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

आमच्याकडे प्रत्येक वेळी सहाही पत्त्यांवर एकच आकडा! मी पाच ठेवला की सगळे पाच, आठ ठेवला की सगळे आठ. विचार जुळले, असं मी वहीत लिहून ठेवलं. मग एकदा चष्मा घरी राहिला आणि मी एका दिवसाच्या कामाला चुकून तेराचा पत्ता ठेवला. पाच तेरा निघाले.

ते माझा पत्ता उलटेपर्यंत थांबत होते आणि मग हातातला हवा तो पत्ता टाकत होते. मी विचारलं, तर हितेश शांतपणे म्हणाला, "सर, जेवायला बसल्यावर मोठ्यांच्या आधी आपण घास घेतो का?" हितेशचं घर तापीकाठच्या गावात, चार पिढ्या एका छपराखाली. त्याच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी पत्ते खेळणं सोडलं. पुढच्या खेपेला दोन, तीन, आठ, आठ आणि तेरा निघाले आणि पोरं अर्धा तास भांडली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलेलं कोणी बघू नये म्हणून.

*

आता जरा जड किस्सा.

एका सकाळी मीटिंगमध्ये पाचही जण म्हणाले, "सगळं ठीक." वीस मिनिटांनी कळसाडीहून आप्पांचा फोन आला. आप्पा केळी गटाचे प्रमुख आणि आमचं काम त्यांच्याच शब्दावर चाललेलं.

"साहेब, केयी कापीसन पडेल शे. गाडी कोठे शे?"

केळी कापून पडली होती आणि गाडी कुठेच नव्हती. तारीख बदलली की टोळीला कळत होतं, पण ड्रायव्हरला कळत नव्हतं. हा दोष आदल्या संध्याकाळपासून पाचही जणांना ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो मला, आणि आप्पांना कळवायचं काम माझं होतं.

दुपारी मी शेतात गेलो. घड बांधावर उन्हात पडले होते, वर केळीची पानं टाकलेली. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, केयी वाट देखत नही." आणि निघताना, "तुमना पोरे रोज सकाय उभा ऱ्हातस म्हने. बठाले खुर्च्या नही का त्यासले?"

गटाच्या बैठकीत ठरलं, की हंगामात आणखी एकदा असं झालं तर काम सुरतेच्या कंपनीकडे जाईल. काम गेलं तर पाच जण पाच शहरांत जाणार, हे उघड होतं. सुनंदा तर धडगावकडच्या एका पाड्यातली पहिली इंजिनिअर. इथे आहे म्हणून दर शनिवारी तिला घर दिसतं.

*

मी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

कोणी बोलेना. दादांचा प्रश्न मला आठवला. शेवटी सुनंदा खाली बघत म्हणाली, "तुम्ही चहासुद्धा घेतला नव्हता, सर."

मला कळेना. मग ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर उपाशी माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. आधी भाकरी देतात."

"आमच्याकडेही," हितेश म्हणाला. "आजोबांचा भाऊ वारला, तेव्हा आजोबा शेतातून आले होते. आजीने त्यांना पोटभर जेवू घातलं, हात धुवायला पाणी दिलं आणि मग सांगितलं."

मीटिंग साडेनऊला. ती झाल्यावर चहा. नंतर मी माझ्या कामात, ते त्यांच्या. म्हणजे मी वाईट बातमीसाठी दिवसातली नेमकी चुकीची वेळ राखून ठेवली होती! माणसांनी न घाबरता खरं कसं बोलावं, यावरची दोन कपाटं पुस्तकं माझ्याकडे आहेत. नाश्त्याचा उल्लेख एकातही नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "मी घरून खाऊन आलोय. बोला."

भूषणने विचारलं, "काय खाल्लं, सर?"

"दोन बिस्किटं."

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "सगळं ठीक, सर," भूषण म्हणाला.

*

मग आपोआप एक पद्धत पडली. ज्याच्याकडे वाईट बातमी असेल, त्याने मीटिंगआधी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवायची आणि म्हणायचं, "आधी खाऊन घ्या, सर." मी खायचो. मग तो सांगायचा.

बशी दिसली की मी आधी ती कोणी ठेवली ते पाहायचो. एकदा तर दोन बशा होत्या. पण दोष त्याच दिवशी कळू लागले, आणि कळले की त्याच दिवशी सुटू लागले.

दोन महिन्यांनी शहाद्याच्या डॉक्टरांनी वजन पाहिलं. "सर, खाणं बरंच वाढलेलं दिसतंय."

"काय करणार, डॉक्टर," मी म्हणालो, "ऑफिसात अडचणी फार आहेत."

*

ऐन हंगामात एका दुपारी ट्रकवाल्याने ऐनवेळी नकार दिला. पूर्वी हे आम्हाला बांधावर कळलं असतं. या वेळी मी काही बोलायच्या आत भूषणने फोन उचलला होता.

"आप्पा, जेवन व्हयनं का?"

पलीकडून आप्पांचा आवाज खोलीभर ऐकू आला, "व्हयनं रे भो. बोल, काय बिघडनं?"

"उद्यानी गाडी येत नही. केयी कापू नका. परवानी पक्की करी दिन्ही."

घड झाडावरच राहिले. हंगाम संपला तेव्हा काम आमच्याकडेच होतं. यात माझा वाटा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

आता शेवटचा, गेल्या आठवड्यातला.

सकाळी खोलीत शिरलो तर टेबलावर बशी नव्हती. ताट होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वाटीत तूप, बाजूला कांदा. सकाळचे साडेनऊ! पाचही जण भिंतीला टेकून उभे. कामांची कार्डं लावायच्या फळ्यावर 'अडथळे' या रकान्यात एकच कार्ड होतं, पालथं लावलेलं.

"काय झालं?" मी विचारलं. "आप्पा बरे आहेत ना?"

"आप्पा बरे आहेत. आधी खाऊन घ्या, सर," सुनंदा म्हणाली.

"काम गेलं?"

"नाही, सर. सावकाश जेवा."

मी बसलो. त्या मीटिंगला मी पहिल्यांदाच बसलो होतो. बट्टी कुस्करली, तूप घातलं. कोणी नोकरी सोडतंय, कोणी आजारी आहे, सगळं मनात येऊन गेलं. तरी ताटात काही टाकलं नाही. हितेशने हातावर पाणी घातलं. मग सुनंदाने कार्ड उलटलं. अक्षर तिचंच होतं.

'सर खोलीत असले की आम्ही एकमेकांशी बोलत नाही. सरांशी बोलतो.'

मी ते दोनदा वाचलं. आमच्या नियमाप्रमाणे अडथळा ज्याच्यामुळे, त्यानेच ते कार्ड हलवायचं. मी उठलो, कार्ड काढलं आणि 'झालं' या रकान्यात लावलं. पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी मला राहवलं नाही.

"हे कधी ठरलं?"

"तीन दिवस झाले, सर."

"मग तीन दिवस थांबलात कशाला? रोजच्यासारखं सांगायचं."

सुनंदा ताट उचलत म्हणाली, "एवढ्या बातमीला पोहे पुरले नसते, सर."