सोयाबीनच्या कडेचे दगड

मुलीला मंठ्याला नोकरी लागली. जालन्याहून रोज एकटीच गाडी घेऊन जाईन, असं ती म्हणाली. मी अट घातली, आधी रविवारी मला शेजारी बसवून चालवून दाखव. काटा पन्नासच्या वर गेला तर बसनं जायचं.

त्या दिवशी मी सगळी वाट काटाच बघत होतो. "अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. बराबर," असं म्हणतोय तोच तिनं ब्रेक दाबला. मान वर केली, तर समोर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेनं डोक्याएवढाले दगड मांडलेले. मी उतरून पावलं मोजली. पहिला दगड सहा पावलांवर होता.

सोयाबीन उलथणाऱ्या बाईंनी कमरेवर हात ठेवले. "दादा, काय मोजून राह्यले? माल माझा हाय!"

मुलगी हसत म्हणाली, "मावशी, बाबा आकडे बघतात. दगड मी पाहिले."

"मंग तूच चालव माय. ह्यांना मागं बसव."

पन्नासच्या आत होतो म्हणून गाडी वेळेत थांबली, हे मी मुलीला ऐकवलंच. पण दगड दिसलेच नसते, तर तीसच्या वेगातही आम्ही त्यांच्यावर चढलो असतो. हे मला कबूल करावं लागलं. दगडांना वळसा घालून गाडी पुढं निघाली, तेव्हा मी म्हणालो, "उद्यापासून एकटी जा."

तिनं आनंदानं एवढा लांब हॉर्न वाजवला, की मागून बाई ओरडल्या, "आता कोण आडवं आलं?"